भेदभाव मान्य, पण छळ अमान्य: कॅनडात निर्वासित दाव्याचं अपील कसं लढवायचं

कॅनडात आश्रय मागणाऱ्यांच्या हातात पडणाऱ्या नकाराच्या निकालपत्रांत दोन वाक्यं वारंवार भेटतात. पहिलं: तुमच्याशी भेदभाव झाला हे आम्हाला मान्य आहे, पण तो छळाच्या पातळीला पोचत नाही. दुसरं: तुमच्या देशातलं सरकार तुम्हाला संरक्षण देऊ शकतं, हे गृहीतक तुम्ही खोडून काढू शकला नाहीत. ही वाक्यं वाचून माणूस खचतो, कारण त्याला वाटतं की आपल्यावर विश्वासच ठेवला नाही. खरं तर उलट असतं. त्याने सांगितलेल्या घटना बहुतेक मान्य झालेल्या असतात. वाद उरतो तो त्या घटना कायद्याच्या कुठल्या कप्प्यात बसतात एवढ्याचा. खोटं बोलल्याचा ठपका ठेवून फेटाळलेल्या दाव्यापेक्षा इथे लढायला कितीतरी जास्त जागा असते. ती जागा कुठे असते आणि कशी वापरायची, हे इथे क्रमाने सांगतो.

उदाहरण म्हणून हंगेरीतून आलेलं एक काल्पनिक रोमा कुटुंब धरू: आई, वडील, दहा वर्षांचा मुलगा, राहणार मिश्कोल्त्स शहर. रोमा हा युरोपात पिढ्यानपिढ्या भेदभाव सोसणारा अल्पसंख्य समाज. रोमांचंच उदाहरण घेण्याचं कारण असं की भेदभाव, छळ आणि सरकारी संरक्षण हे तिन्ही प्रश्न कॅनडाच्या न्यायालयांनी हंगेरी आणि चेक प्रजासत्ताकातल्या रोमांच्या दाव्यांत पुन्हापुन्हा तपासले आहेत. हंगेरी युरोपीय संघातला देश, तिथे निवडणुका होतात, भेदभावाविरुद्ध कायदा आहे, आणि तरीही लोक जीव मुठीत धरून पळून येतात. सगळा पेच तिथेच आहे.

आधी मुदत

पहिला निर्णय इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डाचा रेफ्युजी प्रोटेक्शन डिव्हिजन देतो. त्याविरुद्धचं अपील त्याच बोर्डाच्या रेफ्युजी अपील डिव्हिजनकडे जातं. सगळे त्याला 'रॅड' म्हणतात. हा विभाग 15 डिसेंबर 2012 पासून काम करतो आहे. लेखी कारणांसह निकाल हातात पडला की अपिलाची नोटीस द्यायला 15 दिवस मिळतात. त्यानंतर सगळी कागदपत्रं आणि युक्तिवाद, म्हणजे 'अपेलंट्स रेकॉर्ड', द्यायची वेगळी मुदत असते. ती निकालासोबतच्या पत्रात पाहून लगेच कॅलेंडरवर लिहा. निकाल कुठल्या दिवशी मिळाला ते पाकिटावर किंवा ईमेलवर नोंदवून ठेवा. उशीर झाला तर मुदतवाढ मागता येते, पण प्रतिज्ञापत्रावर कारण द्यावं लागतं आणि ती मिळेलच असं नाही.

सगळ्यांनाच हे अपील करता येत नाही. दाव्याला विश्वासार्ह आधारच नाही किंवा दावा उघडउघड निराधार आहे असा शेरा निकालात असेल, तर हा दरवाजा बंद असतो. अमेरिकेत आधी पोचलेल्यांनी आश्रय तिथेच मागावा, असा कॅनडा आणि अमेरिकेचा 'सुरक्षित तिसऱ्या देशाचा' करार आहे. त्याच्या अपवादात बसून अमेरिकेच्या सीमेवरून आलेल्यांनाही हा दरवाजा बंद असतो. त्यांना थेट फेडरल कोर्टात जावं लागतं. ज्यांना अपील करता येतं, त्यांना ते प्रलंबित असेपर्यंत देशाबाहेर काढत नाहीत.

वकील त्याच दिवशी शोधा. ओंटारिओत लीगल एडची मदत निर्वासितांच्या कामांना मिळू शकते. सल्लागार घ्यायचा असेल तर बोर्डासमोर उभं राहण्याचा परवाना त्याच्याकडे आहे का, हे आधी तपासा. ओळखीतल्या कुणीतरी सुचवलेल्या एजंटाच्या हाती ही फाइल देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. पहिल्या सुनावणीत राहिलेली उणीव अपिलात भरून काढायला फार थोडी वाट असते. अपिलातली चूक निस्तरणं त्याहून अवघड.

निकालपत्र पेन घेऊन वाचा

अपील म्हणजे आपली कहाणी पुन्हा एकदा सांगणं नव्हे. 2016 च्या हुरुग्लिका प्रकरणात फेडरल कोर्ट ऑफ अपीलने रॅडचं काम स्पष्ट केलं: पहिल्या निर्णयात चूक आहे का हे रॅडने पुराव्याचं स्वतः स्वतंत्र विश्लेषण करून ठरवायचं. साक्ष प्रत्यक्ष ऐकल्यामुळे खालच्या सदस्याला, म्हणजे पहिला निर्णय देणाऱ्याला, खरोखरचा फायदा झाला असेल, तिथेच त्याच्या मताला मान द्यायचा. आपल्या कुटुंबाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. त्यांची साक्ष मान्यच झाली असेल, तर घडलेल्या गोष्टी छळ ठरतात का हा प्रश्न रॅड नव्या नजरेने पाहू शकतं.

पण रॅड चूक शोधत बसत नाही, ती दाखवावी लागते. म्हणून निकालपत्राच्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्या आणि समासात लिहा: ही घटना मान्य, ही अमान्य, ही उल्लेखच नाही. शेवटचा गट सगळ्यात मोलाचा. मुलाला शाळेत वेगळ्या वर्गात बसवलं हे आईने सुनावणीत सांगितलं आणि निकालात त्याचा शब्दही नाही, तर ते ठिकाण रेकॉर्डिंगमध्ये शोधा. रेकॉर्डिंग मागितल्यावर मिळतं. ते बसून ऐका, मिनिट आणि सेकंद लिहून ठेवा. दुभाष्याने वाक्य गाळलं असेल किंवा उलटं सांगितलं असेल, तर तेही तिथेच सापडतं.

आणखी एक गोष्ट बारकाईने पाहा: निकालाने कुठली फूटपट्टी लावली? घडलेल्या घटना 'असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त' या मापाने सिद्ध कराव्या लागतात. पण परत गेल्यावर छळ होईल का, याचं माप वेगळं आणि हलकं आहे. 1989 च्या अजेई प्रकरणापासून ते ठरलेलं आहे: छळाची गंभीर शक्यता पुरेशी, ती पन्नास टक्क्यांच्या वर असण्याची गरज नाही. निकालात 'परत गेल्यावर छळ होईल हे सिद्ध केलं नाही' अशी भाषा असेल तर त्या ओळीला गोल करा. नुसती ढिली भाषा आहे की खरोखर चुकीचं माप लावलं, हे पूर्ण परिच्छेद वाचून ठरवावं लागतं, पण मुद्दा तिथे असू शकतो.

भेदभाव कधी छळ होतो

निर्वासित कोण, हे कॅनडाच्या इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन ॲक्टच्या कलम 96 मध्ये 1951 च्या निर्वासित कराराप्रमाणेच दिलं आहे: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत यामुळे छळ होईल अशी साधार भीती. छळ म्हणजे काय, हे कायद्यात लिहिलेलं नाही, ते न्यायालयांनी घडवलं आहे. 1984 च्या राजुदीन प्रकरणात श्रीलंकेतल्या एका तमिळ मुस्लिम माणसाला जमावाकडून पुन्हापुन्हा मारहाण होत होती आणि पोलीस लक्ष देत नव्हते. तिथे न्यायालयाने सततच्या क्रौर्यावर आणि त्रासावर बोट ठेवलं. 1993 च्या वॉर्ड प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मूलभूत मानवी हक्कांच्या सातत्यपूर्ण किंवा पद्धतशीर उल्लंघनाची भाषा वापरली. त्याच वर्षीच्या साघारिची प्रकरणात अपील न्यायालयाने मान्य केलं की भेदभाव आणि छळ यांच्यातली रेषा आखणं कठीण आहे, आणि ती आखण्याचं काम बोर्डाचं आहे. म्हणजे बोर्डाने ती आखली पाहिजे, कारणं देऊन.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांची एक मार्गदर्शक पुस्तिका आहे, तिचे परिच्छेद 53 ते 55 या वादात सगळ्यांना तोंडपाठ असतात. नुसती वेगळी वागणूक छळ नव्हे. पण रोजीरोटी कमावण्याच्या, धर्म पाळण्याच्या किंवा सर्वांना मिळणाऱ्या शिक्षणाच्या हक्कावर गंभीर बंधनं येत असतील, तर भेदभाव छळ ठरू शकतो. आणि एकेक घटना सुटी घेतली तर गंभीर वाटत नसेल, तरी सगळ्यांचा मिळून परिणाम बघावा लागतो.

खालचे निकाल सगळ्यात जास्त घसरतात ते इथे. पद्धत ओळखीची आहे. निकालपत्र म्हणतं: नोकरीवरून काढलं, हा भेदभाव. घर सोडायला लावलं, हा भेदभाव. मुलाला वेगळ्या वर्गात टाकलं, भेदभाव. रस्त्यात थुंकले, धक्काबुक्की केली, ती गुन्हेगारी. शेवटी एक वाक्य: 'एकत्रित विचार केला तरीही हे छळाच्या पातळीवर जात नाही.' एकत्रित विचार कुठे केला, कसा केला, काही दिसत नाही. अपील न्यायालयाने 2008 च्या मुंदेरेरे प्रकरणात सांगितलं आहे की घटनांचा एकत्रित परिणाम तपासणं बोर्डाचं कर्तव्य आहे. शेवटी एक वाक्य चिकटवून ते पार पडत नाही.

म्हणून अपिलात घटनांची यादी देऊन थांबू नका, एकीतून दुसरी कशी निघाली ते मांडा. आपल्या कुटुंबाचं असं मांडता येईल: 2014 पासून मिश्कोल्त्समध्ये 'आकडी गल्ल्या' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीतून रोमा कुटुंबांना बाहेर काढलं जाऊ लागलं. घर गेलं म्हणून नोंदणीचा पत्ता गेला. पत्ता गेला म्हणून मुलाची शाळा बदलली, आणि नव्या शाळेत तो फक्त रोमा मुलांच्या वर्गात गेला. नातेवाईकांकडे दुसऱ्या गावात राहायला गेले, तिथे वडिलांना काम मिळेना आणि रात्री दारावर दगड यायला लागले. तक्रार केली तर पोलिसांनी नावं विचारली नाहीत. असं मांडलं की वाचणाऱ्याला कळतं, या माणसांना जगायला जागाच उरली नव्हती.

प्रत्येक कडीला स्वतंत्र कागद जोडा. वर्गवार शिक्षणाबद्दल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे निकाल आहेत: 2007 चा चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावाच्या रोमा मुलांचा, ज्यांना मतिमंद मुलांच्या शाळेत टाकलं जात होतं, आणि 2013 चा हंगेरीविरुद्धचा होर्वाथ आणि किश प्रकरणातला. ग्योंग्योशपाता गावात वर्षानुवर्षं वेगळं बसवलेल्या रोमा मुलांना भरपाई द्यायला 2020 मध्ये हंगेरीच्या सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं. एक सावधगिरी मात्र बाळगा: भरपाई मिळाली म्हणजे न्यायव्यवस्था चालते, असा उलटा अर्थ समोरचा सदस्य काढू शकतो. भरपाई मुलांचं शिक्षण वाया गेल्यावर मिळाली, मधली वर्षं कुणी परत दिली नाहीत, हे उत्तर तुम्हीच आधी लिहून ठेवा.

मुलाचा दावा वेगळा आहे हे विसरू नका. दहा वर्षांच्या मुलावर दगडफेकीचा परिणाम आणि त्याच्या बापावरचा परिणाम एका मापाने मोजता येत नाही. निकालपत्रात मुलासाठी स्वतंत्र परिच्छेद नसेल, तर तो अपिलाचा स्वतंत्र मुद्दा होतो.

सरकार संरक्षण देऊ शकतं का

छळ सिद्ध झाला तरी काम अर्धंच झालेलं असतं. वॉर्ड प्रकरण उत्तर आयर्लंडमधल्या एका माणसाचं होतं. त्याला धोका होता तो सरकारकडून नव्हे, एका सशस्त्र संघटनेकडून. सुप्रीम कोर्टाने दोन गोष्टी सांगितल्या. छळ करणारं सरकारच असलं पाहिजे असं नाही. सरकार संरक्षण देऊ शकत नसेल तरी पुरे. पण प्रत्येक देश आपल्या नागरिकांचं रक्षण करू शकतो असं गृहीत धरलं जाईल, आणि ते गृहीतक स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने खोडण्याचं ओझं दावेदारावर राहील. देश जितका लोकशाहीवादी, तितकं ओझं जड, असं पुढच्या निकालांनी म्हटलं. 2008 च्या कारिलो प्रकरणाने पुरावा संबंधित, विश्वासार्ह आणि पटणारा असावा, असं सांगितलं. एका पोलीस ठाण्यात दोन हवालदारांनी हाकलून दिलं म्हणजे सगळं राज्य निकामी ठरत नाही, हेही न्यायालयांचं जुनं मत आहे.

मग हे गृहीतक खोडायचं कसं? तीन बाजूंनी.

पहिली बाजू स्वतःच्या तक्रारी. इथे तपशील म्हणजे सर्वस्व. 'आम्ही अनेकदा पोलिसांकडे गेलो, काही उपयोग झाला नाही' हे वाक्य निरुपयोगी आहे. उपयोगी वाक्य असं असतं: 'मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, रविवारी रात्री दगडफेक झाली. सोमवारी सकाळी मी आणि माझा भाऊ जिल्हा पोलीस ठाण्यात गेलो. टेबलावरच्या अधिकाऱ्याने जबाब घेतला, पण मी सांगितलेली दोन नावं लिहिली नाहीत. पोच मागितली, दिली नाही. दहा दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा फाइल बंद झाल्याचं सांगितलं. खिडकी आणि दार यांचे फोटो जोडले आहेत. भावाचं प्रतिज्ञापत्र जोडलं आहे.' कोण, कुठे, काय बोललं, पुढे काय केलं, आणि त्याला कुठला कागद आधार देतो. तक्रार केलीच नसेल तर का नाही, हेही तेवढ्याच तपशिलात. वॉर्ड निकालाप्रमाणे निष्फळ संरक्षण मागायला जीव धोक्यात घालावा अशी अपेक्षा नाही, पण ते निष्फळ ठरलं असतं हे दाखवावं लागतं.

दुसरी बाजू आपल्यासारख्या इतरांचा अनुभव. फेब्रुवारी 2009 मध्ये तातारसेंतग्यॉर्ग्य गावात एका रोमा कुटुंबाचं घर पेटवलं गेलं आणि पळणाऱ्या बाप-लेकाला गोळ्या घातल्या गेल्या. सुरुवातीला पोलिसांनी ती अपघाती आग मानली होती. 2008-09 मधल्या त्या हल्ल्यांच्या मालिकेत सहा जण मेले. ऑगस्ट 2012 मध्ये देवेचेर गावात उजव्या गटांचा मोर्चा रोमा वस्तीतून गेला, घरांवर दगड पडले. पोलीस हजर होते, पण त्यांनी मोर्चा पांगवला नाही. 2017 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यावर हंगेरीला दोषी धरलं. देवेचेरबद्दलचा हा निकाल माझ्या मते पहिल्या घटनेपेक्षा जास्त कामाचा आहे, कारण तो नेमका कमतरतेवर बोट ठेवतो: पोलीस होते, कायदा होता, संरक्षण नव्हतं.

तिसरी बाजू, आणि निकालपत्रांतली सगळ्यात मोठी चूक: प्रयत्न आणि परिणाम यांची गल्लत. निकाल म्हणतो, हंगेरीने रोमांसाठी धोरण आखलं, भेदभावविरोधी कायदा केला, पोलिसांना प्रशिक्षण दिलं, 2009 मध्ये 'मॅग्यार गार्ड' या अतिउजव्या गणवेशधारी संघटनेवर बंदी घातली. हे सगळं खरं आहे. पण फेडरल कोर्टाने अनेक निकालांत म्हटलं आहे की कसोटी जमिनीवर मिळणाऱ्या पुरेशा संरक्षणाची आहे. प्रामाणिक प्रयत्न पुरेसे नाहीत. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 पासून आहे. 2006 मध्ये खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं गेलं, आणि 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने खुनासाठी शिक्षा दिली तेव्हा त्या कायद्याची कलमं लागू केली नाहीत. कायदा पुस्तकात असणं आणि तो पीडिताच्या दारात पोचणं यातलं अंतर दाखवणं, हेच तुमच्या युक्तिवादाचं काम आहे.

निकालात 'लोकपालाकडे किंवा तक्रार मंडळाकडे का गेला नाहीत' असं विचारलेलं असेल, तर उत्तर सोपं आहे: रात्री दारावर आलेल्या जमावापासून वाचवायचं काम पोलिसांचं. तक्रार मंडळ नंतर चौकशी करतं, शिफारस करतं. न्यायालयांनीही अशा संस्था संरक्षणाचा पर्याय मानायला बऱ्याचदा नकार दिला आहे.

देशाच्या परिस्थितीचे पुरावे बोर्डाच्या राष्ट्रीय दस्तऐवज संचात असतात. प्रत्येक देशाचा वेगळा संच, वेळोवेळी नवा होणारा. निकालाने त्यातली कुठली पानं उचलली आणि कुठली टाळली ते बघा. एकाच अहवालात दोन्ही बाजू असतात. निकालाने स्वतःच्या निष्कर्षाला प्रतिकूल ओळींकडे पाठ फिरवून फक्त त्याला अनुकूल ओळ उचलली असेल तर तो ठोस मुद्दा आहे. पण तुम्हीही तेच करू नका. विरुद्ध जाणारी ओळ उद्धृत करा आणि तिला उत्तर द्या.

दुसऱ्या शहरात का नाही गेलात?

हंगेरीच्या दाव्यांत हा मुद्दा येतो, भारतीय दाव्यांत तर बहुतेक वेळा तोच निर्णायक ठरतो. 1992 च्या रसरत्नम प्रकरणाची कसोटी दुहेरी आहे: सुचवलेल्या शहरात छळाची गंभीर शक्यता नाही ना, आणि तिथे जाऊन राहणं वाजवी आहे ना. दुसऱ्या भागाचा उंबरठा फार उंच आहे. नोकरी मिळणार नाही, नातेवाईक नाहीत, एवढ्याने भागत नाही. पंजाब, गुजरात किंवा महाराष्ट्रातून आलेल्याला निकाल दिल्ली, कोलकाता अशी नावं देतो. तेव्हा धोका देणाऱ्याला तुम्हाला शोधण्याची इच्छा आणि साधनं दोन्ही आहेत, हे दाखवावं लागतं: गाव सोडल्यावर कुणी, कुणाकडे, कधी चौकशी केली.

मराठी कागद जोडणाऱ्यांसाठी एक सूचना. एफआयआर, ग्रामपंचायतीचा दाखला, जातीचा दाखला, वर्तमानपत्राचं कात्रण, सगळ्यांचं इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं आणि भाषांतरकाराचं सही केलेलं निवेदन लागतं. शिक्के आणि हाताने लिहिलेले शेरेही भाषांतरित करा. 'तपासावर' असा शेरा सुटला तर पोलिसांनी काय केलं हेच सुटतं.

नवे पुरावे

कलम 110(4) खाली रॅड फक्त तेच नवे पुरावे घेतं जे नकारानंतर निर्माण झाले, किंवा आधी वाजवी रीत्या उपलब्ध नव्हते, किंवा त्या परिस्थितीत तुम्ही ते द्याल अशी अपेक्षा करता आली नसती. 2016 च्या सिंग प्रकरणाने ही अट कडक असल्याचं सांगितलं, आणि पुरावा विश्वासार्ह, संबंधित व खरोखर नवा असावा हेही जोडलं. कागदावरची तारीख नवी असून भागत नाही. त्यातली माहिती जुनी असेल तर तो परत जातो. प्रत्येक कागदासोबत दोन वाक्यं लिहा: तो कधी हाती आला, आणि आधी का देता आला नाही. सुनावणी हवी असेल तर ती याच टप्प्यावर मागा, पण नव्या पुराव्यामुळे विश्वासार्हतेचा गंभीर आणि निर्णायक प्रश्न उभा राहत असेल तरच ती मिळते. बहुतेक अपिलं कागदांवरच निकाली निघतात.

मेमोरँडम

मेमोरँडम म्हणजे लेखी युक्तिवाद. तो 30 पानांत बसवावा लागतो, आणि 30 पानं भरलीच पाहिजेत असं नाही. प्रत्येक चुकीसाठी चार गोष्टी: चूक कोणती, निकालात किंवा रेकॉर्डिंगमध्ये कुठे, योग्य कायदा काय, आणि तो लावला तर निष्कर्ष कसा बदलतो. कच्चा मुद्दा असा दिसतो: 'सदस्याने आमच्यावरच्या भयंकर अन्यायाकडे दुर्लक्ष केलं.' पक्का मुद्दा असा: 'परिच्छेद 22 ते 27 मध्ये सदस्याने घर, शाळा, नोकरी आणि मारहाण यांचा वेगवेगळा विचार केला. परिच्छेद 28 मध्ये एका वाक्यात एकत्रित परिणाम नाकारला, कारण दिलं नाही. अल्पवयीन अपीलकर्त्याच्या वेगळ्या वर्गाबद्दलची आईची साक्ष, रेकॉर्डिंग 1 तास 12 मिनिटं, निकालात कुठेच नाही.'

छळ आणि संरक्षण हे दोन भाग वेगळे लिहा. कित्येक निकाल छळाचा प्रश्न अर्धवट सोडून थेट संरक्षणावर जातात. अशा वेळी संरक्षणावर जिंकणं पुरेसं नसतं, छळाचाही निष्कर्ष मागावा लागतो. शेवटी नेमकं काय हवं ते मागा: निकाल रद्द करून निर्वासित दर्जा द्यावा, आणि ते शक्य नसेल तर नव्या सुनावणीसाठी परत पाठवावं. कलम 97 विसरू नका. करारातलं एकही कारण लागू होत नसेल, पण जिवाला किंवा क्रूर वागणुकीचा व्यक्तिगत धोका असेल, तर ते उपयोगी पडतं. तिथे माप जड आहे: धोका असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त असावी लागते.

दोन देशांचं नागरिकत्व असेल तर दोन्ही देशांविरुद्ध हे सगळं सिद्ध करावं लागतं. हा मुद्दा निकालात आला नसला तरी आधीच तपासून घ्या.

रॅडनेही नाही म्हटलं तर

फेडरल कोर्टात न्यायिक पुनरावलोकनाची परवानगी मागता येते, निकाल कळल्यापासून 15 दिवसांत. तिथे प्रश्न बदलतो: रॅडचा निर्णय बरोबर होता का, हे विचारत नाहीत, तो वाजवी होता का, म्हणजे त्याची कारणं पुराव्याला आणि युक्तिवादाला धरून होती का, एवढंच पाहतात. 2019 च्या वाविलोव्ह निकालाने हे पक्कं केलं. तिथे नवा मुद्दा सहसा चालत नाही, म्हणून तुमच्या मेमोरँडममध्ये जे लिहिलं आणि रॅडने ज्याला उत्तर दिलं नाही, तेच तिथे पुढे न्यायचं असतं. प्रत्येक पानाची प्रत, पाठवल्याची पावती आणि रेकॉर्डिंगची फाइल तोपर्यंत जपून ठेवा.